नसलेल्या देशाची अर्थमंत्री

माझ्या पगाराच्या स्लिपा मी अजून कागदावर ठेवते. ऑफिसात सगळं ऑनलाइन होऊन बरीच वर्षं झाली, तरी दर महिन्याला मी एक प्रिंट काढते आणि निळ्या फाइलमध्ये लावते, नवीन वर, जुनी खाली. ग्लासगोमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या पेरोल विभागात मी काम करते. नर्सेस, पोर्टर, किचनमधली माणसं, डॉक्टर, या सगळ्यांचे जादा तास आणि रजा माझ्या नजरेखालून जातात. एकाच शिफ्टचे दोनदा पैसे मागितलेत का, सही त्याच माणसाची आहे का, हे बघण्यात माझी दुपार संपते. संशय घेणं हा माझा मूळ स्वभाव की कामामुळे जडलेली सवय, ते आता मलाही सांगता येणार नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी कौन्सिलचं एक पत्र शोधताना मी ती फाइल उघडली. तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरची स्लिप सप्टेंबरच्या खाली गेली होती, आणि तिच्या कोपऱ्याला घडी पडली होती. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी मात्र फाइल मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच बसले.

घरात आम्ही तिघंच. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळचा नागपूरचा. त्याला स्वतःच्या पगाराची स्लिप कुठे आहे हे माहीत नसतं, तो माझी कशाला काढेल? राहिली मुलगी. सोळा वर्षांची, जन्म इथलाच. तिला विचारलं तर ती सरळ सांगेल, असं वाटत होतं. तरीही मी विचारलं नाही. कारण तो ऑक्टोबर कुठला होता, हे मला नीट आठवत होतं.

त्या ऑक्टोबरमध्ये माझ्या मॅनेजरने मला टीमची प्रमुख हो म्हणून विचारलं होतं. ती रिटायर होण्याआधी घडी बसवून द्यायच्या विचारात होती, आणि सगळ्यांत जुनी मीच होते. मी दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी नको म्हणून सांगितलं. घरी सांगितलं की पगार वाढला की मी टॅक्सच्या वरच्या बँडमध्ये, म्हणजे जास्त दराच्या टप्प्यात जाते, टॅक्स आणि पेन्शन धरलं तर हातात काहीच पडत नाही, उलट कमीच होतं, मग डोक्याला ताप कशाला? नवऱ्याने मान हलवली. पेरोलमध्ये काम करणारी बाई सांगतेय म्हटल्यावर तो काय बोलणार?

ते खोटं होतं. वरच्या बँडचा दर फक्त वरच्या पैशावर लागतो, खालचा पगार होता तसाच राहतो, हे मी आठवड्यातून चार वेळा फोनवर लोकांना समजावून सांगते. नाही म्हणायचं कारण वेगळं होतं, आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

टॅक्सचं कारण मी निवडलं, कारण त्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. पण नवऱ्याने ते उचलून धरलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाला, मित्रांच्या घरी, बर्मिंगहॅमला गेलेल्या त्याच्या कॉलेजच्या मित्राशी फोनवर बोलताना, सगळीकडे तो माझं उदाहरण द्यायला लागला. स्कॉटलंडमध्ये टॅक्सचे बँड इंग्लंडपेक्षा जास्त, त्यामुळे विषय निघायला वेळ लागायचा नाही. मग तो म्हणायचा, माझ्या बायकोने प्रमोशन सोडलं, कशामुळे? तर टॅक्समुळे! लोक हळहळायचे. मी भाजीत मीठ बरोबर पडलंय का ते बघायला उठायचे. मुलगी तिथेच कुठेतरी बसलेली असायची, हातात फोन घेऊन. ती ऐकत असेल हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

घडी पडलेली स्लिप सापडल्यानंतर मी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. सांगायला लाज वाटते, पण ठेवलं. शाळेत मॉडर्न स्टडीजच्या, म्हणजे इथल्या नागरिकशास्त्राच्या, सगळ्या वर्गांनी मिळून त्या टर्मला एक कल्पित देश उभा केला होता. त्याचा नकाशा होता, झेंडा होता, आणि पासष्ट मुलांची कायदेमंडळाची सभा होती. चिठ्ठ्या टाकून मंत्रिपदं वाटली तेव्हा आमच्या मुलीला अर्थखातं आलं. आयकराच्या टप्प्यांची फेररचना करणारं विधेयक तिला मांडायचं होतं. हे सगळं मला तिच्या बाबाकडून कळलं. मला ती काही विचारत नव्हती, आणि मला तेच खुपत होतं. घरात टॅक्सबद्दल ज्या माणसाला कळतं ते माणूस मी, आणि मंत्रीणबाई माझ्याकडे फिरकतसुद्धा नव्हत्या. मी स्वयंपाकघरात गेले की तिचा लॅपटॉप अर्धा मिटायचा. एकदा मी सहज म्हटलं, काही मदत हवी का गं? तर तिच्या इथल्या मराठीत म्हणाली, "नको, मला एक सर मदत करतोय."

कोण सर, ते तिने सांगितलं नाही. मग एक दिवस आमच्या प्रिंटरवर कॉपी काढायला ठेवलेला एक कागद तसाच राहिला. वर नाव नव्हतं. एका माणसाचा वर्षाचा पगार, प्रमोशन मिळालं असतं तर झालेला पगार, दोन्हीवरचा टॅक्स आणि पेन्शन. बाजूला पेन्सिलीने, वळणदार जुन्या अक्षरात लिहिलं होतं, की हिशोब पुन्हा तपासला, उत्तर तेच येतं. आकडे माझे होते.

 ऑफिसात आम्हाला दर सहा महिन्यांनी ट्रेनिंग असतं, लोक गोड बोलून पगाराची माहिती कशी काढून घेतात त्याचं. पहिल्यांदा माझ्या मनात तेच आलं. कुणीतरी म्हातारा माझ्या मुलीला गाठून आमच्या घरचे आकडे काढून घेतोय. नवऱ्याला सांगावं असं वाटलं. पण सांगायचं तर तो कागद दाखवावा लागला असता, आणि कागदावर खाली स्वच्छ लिहिलेलं होतं की प्रमोशन घेतलं असतं तर महिन्याकाठी हातात किती जास्त पडलं असतं. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

त्या शनिवारी ती लायब्ररीत जाते म्हणून निघाली. दहा मिनिटांनी मी निघाले. बस स्टॉपवर ती उभी असेल म्हणून मी पावसात चालत गेले, लांबच्या रस्त्याने. आमच्या भागातली लायब्ररी लाल दगडाची आहे, आत कायम हीटर आणि ओल्या कोटांचा वास. मी बागकामाच्या पुस्तकांच्या रॅकमागे जाऊन उभी राहिले. स्वतःच्या मुलीवर पाळत ठेवणारी बाई कशी दिसते ते मला शेजारच्या खिडकीच्या काचेत दिसत होतं.

ती एकटी नव्हती. वर्गातल्या चार-पाच मुली होत्या, शाळेची टीचर होती, आणि मध्ये एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बसले होते. स्वेटरच्या कोपरांना चामड्याचे तुकडे लावलेले. नंतर कळलं की ते टॅक्स ऑफिसातून रिटायर झालेले होते, कुणाचे तरी आजोबा, आणि शाळेनेच त्यांना बोलावलं होतं. म्हणजे माझी शंका सरळसरळ चुकली होती. तरी मी तिथून हलले नाही.

मुली खाऊ घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा ते उठून थेट माझ्याकडे आले. मला आधीच पाहिलं असणार. तिची आई का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, आणि जरा कडक आवाजात सांगितलं की मुलांनी खऱ्या माणसांच्या पगाराचे आकडे वापरणं बरोबर नाही.

त्यांनी ते मान्य केलं. आकडे कुणाचे आहेत ते आपण विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, असं म्हणाले. मग त्यांनी सावकाश विचारलं, "तिने मला तोच हिशोब तीनदा करायला लावला. आपणच चुकतोय असं तिला वाटत होतं. आता तिचा प्रश्न वेगळा आहे. या माणसाला नक्की भीती कसली वाटली?"

"कदाचित त्या माणसाला हिशोब येत नसेल," मी म्हटलं.

"शक्य आहे," ते म्हणाले. "पण तिला तसं वाटत नाही."

त्यांची नजर माझ्यावर थोडी जास्त वेळ राहिली असं मला वाटलं. खरंच राहिली की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी छत्री न उघडताच घरी आले.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून वागलो. तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तिला कळलंय का, याचा अंदाज मी घेत होते. ती ताट उचलून ठेवायला लागली, न सांगता. मला त्याचाही संशय आला. मुलं अशी शहाण्यासारखी वागायला लागली की काहीतरी शिजत असतं. जेवताना तिचा बाबा तिला सल्ले द्यायचा, की तुझ्या विधेयकात आईची गोष्ट टाक, एवढं जिवंत उदाहरण कुणाकडे असणार! ती पोळीचा तुकडा मोडत म्हणायची, बघते. मी तिच्या तोंडाकडे बघायचे. तिथे काही दिसायचं नाही.

सभेचा दिवस शुक्रवार होता, दुपारची वेळ. पालकांना निमंत्रण होतं. मी ऑफिसात काहीतरी कारण काढून जाणं टाळणार होते, पण मी तिथे नसताना काय बोललं जाईल याची भीती जास्त होती. म्हणून गेले. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या, टीचर अध्यक्ष म्हणून मधल्या टेबलामागे, आणि आम्ही पालक मागच्या बाकांवर. नवऱ्याने फोन काढून व्हिडिओ लावला. ते चामडी कोपरांचे गृहस्थ पलीकडच्या टोकाला बसले होते. त्यांनी मला मान लवून ओळख दिली. मी हसले की नाही, आठवत नाही.

आमची मुलगी उभी राहिली. ती इंग्रजीत बोलली, अर्थात, इथल्या मुलांच्या हेल काढून बोलण्याच्या ढंगात, अजिबात न अडखळता. त्या देशात कराचे तीनच टप्पे होते आणि मधल्या टप्प्यावरून वरच्यावर जाताना दराची मोठी उडी होती. ती उडी तोडून तिला पाच लहान टप्पे करायचे होते. मात्र विधेयकाचा जीव एका वेगळ्या कलमात होता. बढती मिळून जो माणूस पहिल्यांदा वरच्या टप्प्यात जाईल त्याला पहिल्या वर्षी करात सवलत. म्हणजे टॅक्सच्या धास्तीने कुणी बढती सोडणार नाही. हे कलम तिने टर्मच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं, आणि तिच्या बाजूच्या बऱ्याच मुलांनी त्याच्यासाठीच पाठिंबा दिला होता, हे मला नंतर टीचरकडून कळलं. त्या दिवशी मात्र ते ऐकताना मला एवढंच कळलं, की हे कलम माझ्यासाठी लिहिलेलं आहे. तिने एक आख्खा देश घेतला होता आणि त्यात माझी अडचण दूर केली होती.

मग विरोधी बाजूची एक मुलगी उभी राहिली. उंच, चष्मा लावणारी, फार हुशार. तिने शांतपणे विचारलं की सरकारी तिजोरीतून ही सवलत द्यायची तर ती कुणासाठी? मंत्र्यांनी असं एक तरी माणूस दाखवावं, ज्याने खरोखर टॅक्समुळे बढती सोडली.

नवरा पुढे वाकला. "आता," तो माझ्या कानात म्हणाला.

 आमच्या मुलीच्या हातात कागद होता. ती आमच्या बाकांकडे बघेल असं मला वाटलं. तिने मान वर केली नाही. अध्यक्षांनी तिला आठवण करून दिली की उत्तर द्यावं लागेल.

"माझ्याकडे एक उदाहरण होतं," ती म्हणाली. "मी ते तपासलं. त्या माणसाने बढती सोडली, पण कारण टॅक्स नव्हतं. दुसरं उदाहरण मला मिळालं नाही. म्हणून मी हे कलम मागे घेते."

सभेत कुजबुज झाली. तिच्या शेजारचा मुलगा वळून तिला काहीतरी बोलला, रागाने असावं. मतदान झालं आणि विधेयक चार मतांनी पडलं. ती खाली बसली आणि कागदाच्या बारीक बारीक घड्या घालत राहिली.

गाडीत बसल्याबरोबर नवरा सुरू झाला. हातात असलेलं उदाहरण दिलं का नाही, एका वाक्यात विरोधी पक्ष गार झाला असता, लाज वाटली का आईचं नाव घ्यायला, नाव न घेताही सांगता आलं असतं. मुलगी मागे बसली होती. वायपर चालू होते. मी वाट बघत होते की ती बोलेल, आणि मग जे व्हायचं ते होईल. ती खिडकीबाहेर बघत राहिली. क्लाइड नदी ओलांडेपर्यंत ती बोलली नाही, तेव्हा मला कळलं की ती बोलणारच नाही. हे ती कायम पोटात ठेवेल. बाबा पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच गोष्ट सांगेल आणि ती समोर बसून ऐकेल, माझ्यासाठी.

"ते उदाहरण खोटं आहे," मी म्हटलं.

"कुठलं?"

"माझं. टॅक्सने काही गेलं नसतं. मी तुला खोटं सांगितलं होतं."

त्याने गाडी एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये घेतली आणि इंजिन बंद केलं. मग मी सांगितलं. त्या ऑक्टोबरच्या महिनाभर आधी मला फायनान्सच्या मीटिंगमध्ये जादा तासांच्या नव्या फॉर्मबद्दल बोलायला लावलं होतं. वीसेक माणसं होती. माझं एक वाक्य समोरच्या माणसाला कळलं नाही. त्याने पुन्हा म्हणायला सांगितलं, मग आणखी एकदा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा माझ्या बाजूच्या पोरीने तेच वाक्य तिच्या इथल्या उच्चारांत म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. वाईट कुणीच वागलं नव्हतं. मी थँक यू म्हणून बसले. टीमच्या प्रमुखाला ती मीटिंग दर महिन्याला घ्यावी लागते. एवढंच कारण होतं.

"मग हे मला सांगायचं की," नवरा म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

 मागून मुलगी म्हणाली, "आई, तो स्लिप मी घेतला होता. सॉरी. मला वाटलं माझा हिशोब चुकतो."

मी मागे हात केला. तिने तो धरला, थोडा वेळ.

नवरा चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही, पण त्यानंतर माझं बोलणं तपासून घ्यायला लागला. डेंटिस्टची अपॉइंटमेंट पुढे गेली म्हटलं की विचारायचा, त्यांनी पुढे ढकलली का तू? पुण्याहून बहिणीचा फोन आला होता म्हटलं की एक क्षण थांबायचा, मग बरं म्हणायचा. तो एक क्षण मला ओळखीचा होता. जादा तासांच्या फॉर्मवर सही बघताना मी तसाच थांबते. तीन वर्षं लोकांसमोर आपण जी गोष्ट सांगत होतो ती खोटी असल्याचं बायकोला माहीत होतं, आणि ती भाजीत मीठ बघायला उठत होती, हे त्याला जास्त लागलं असावं. त्याने बर्मिंगहॅमच्या मित्राला फोन करून खरं काय ते सांगितलं, हे मला त्या मित्राच्या बायकोकडून कळलं.

मे महिन्यात ती जागा पुन्हा निघाली. मध्यंतरी जी मुलगी प्रमुख झाली होती, मीच शिकवलेली, ती साउथहॅम्प्टनला गेली. मी अर्ज केला. इंटरव्ह्यूच्या आधीच्या रविवारी आमच्या मुलीने मला सोफ्यासमोर उभं करून माझं भाषण चार वेळा म्हणून घेतलं. "तू फास्ट बोलतो, आई," ती म्हणायची, "तू सगळं संपवायला बघतो." ते खरं होतं. इंटरव्ह्यूत मी सावकाश बोलले. एकदा त्यांनी वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, आणि पुढे गेले.

जागा मला मिळाली नाही. बाहेरून आलेल्या एका माणसाला मिळाली, तो आधी अशीच टीम सांभाळत होता. मला आलेल्या मेलमध्ये लिहिलं होतं की काम उत्तम येतं, पण माणसं सांभाळण्याचा अनुभव कमी पडला. आवाजाबद्दल किंवा उच्चारांबद्दल एक शब्द नव्हता. हे खरंच कारण आहे की सभ्यपणे लिहिलेलं दुसरं काही, हा विचार माझ्या मनात आला, तो आल्याशिवाय राहणार नव्हता. पण मी तो मेल घेऊन सरळ बाहेरच्या खोलीत गेले आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला, त्याने काही विचारायच्या आत.

त्याने चष्मा लावला आणि सगळं वाचलं. मग बोटाने मेल आणखी वर सरकवला, खाली काही राहिलंय का ते बघायला. काही नव्हतं. तरी त्याने एकदा पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मग बाजूला सरकून मला बसायला जागा केली.